रेडिएटरची चौकट: कामाच्या नोंदी

१५ जून २०२४, शनिवार

नवी वही आज उघडली. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली, पण घरी आल्यापासून हातून धड काही झालेलं नाही. कुकरची शिट्टी आणि शेजाऱ्यांच्या फाटकाची कडी, एवढीच कमाई.

मनात आहे ती एक चौकट. मागे विंटेज गाड्यांच्या रॅलीत एक जुनी रोल्स-रॉईस उभी होती. लोक दारापाशी, स्टिअरिंगपाशी फोटो काढत होते. मी रेडिएटरसमोर उकिडवा बसलो आणि पंधरा मिनिटं तसाच बसून राहिलो. देवळाच्या दर्शनी बाजूसारखा आकार: वर त्रिकोणी माथा, खाली दोन उभ्या बाजू. कडा सुरीनं कापल्यासारख्या. सांधा कुठेच दिसेना. सगळं आयुष्य पत्रा वाकवण्यात गेलं, आणि हे कसं वाकवलं ते मला सांगता येईना. हिनं दोनदा हाक मारली तेव्हा उठलो, गुडघे धरून.

तर तेच करायचं. अख्खी गाडी नाही, इंजिन नाही, फक्त रेडिएटरचं कवच. सिल्व्हर घोस्ट या त्यांच्या जुन्या मॉडेलच्या काळातलं. प्रमाणं फोटोंवरून घ्यायची, उंची माझ्यापुरती ३०० मिमी धरायची. माथ्यावर, त्यांच्या गाडीच्या नाकावर असते ती पंख पसरलेली बाई. विकायचं नाही, स्पर्धेत ठेवायचं नाही. जागा: जिन्याखालचा कोनाडा. व्हाइस तिथं आधीच बसवलेला आहे.

रेडिएटरच का, असं भाच्यानं विचारलं. त्याला म्हटलं, त्या काळी ही कंपनी पूर्ण गाडी विकतच नव्हती. चासी म्हणजे खालचा सांगाडा, इंजिन, बॉनेट आणि रेडिएटर एवढंच कारखान्यातून निघायचं. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधून घ्यायचं: बार्कर, हूपर, पार्क वॉर्ड, मुलिनर. दोन गाड्यांची बॉडी एकमेकींशी मिळेल याची खात्री नाही. एकीचं छत उघडं, दुसरीची बंद खोली. दुसऱ्या महायुद्धानंतरच कंपनी स्वतः बॉडीसकट गाडी द्यायला लागली. तोवर रस्त्यावर लोकांनी ओळखायची खूण एकच, ती म्हणजे नाकावरची ही चौकट.

२२ जून

फोटो ताणून ताणून कागदावर आराखडा काढला. माथ्याचा कोन तीन फोटोंत तीन निघाला. कॅमेरा खालून धरला की माथा चपटा दिसतो. शेवटी समोरून, बऱ्याच लांबून घेतलेला एक फोटो सापडला, तोच प्रमाण मानला.

आराखडा काढताना रॉईसचा विचार येत होता. हेन्री रॉईस १८६३ साली पीटरबरोजवळच्या आल्वल्टनमध्ये जन्मला. बाप पिठाच्या गिरणीवाला, धंदा बुडाला, पोरगा नऊ वर्षांचा असताना वारला. पोरानं वर्तमानपत्रं विकली, तारा पोचवल्या. मावशीनं वर्षाला २० पौंड भरायचं कबूल केलं म्हणून ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी मिळाली. तीन वर्षांत मावशीचे पैसे संपले, उमेदवारीही संपली. आमच्या आयटीआयच्या बॅचमध्ये अशी निम्मी पोरं होती.

पुढे १८८४ मध्ये मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर त्यानं क्लेरमाँट नावाच्या भागीदाराबरोबर कारखाना टाकला. आधी विजेच्या बारीकसारीक वस्तू, मग डायनामो आणि क्रेन. गाडीकडे वळला तो एक जुनी फ्रेंच देकोव्हिल विकत घेऊन. ती पसंत पडेना, म्हणून स्वतःच्या तीन गाड्या केल्या. पहिली १ एप्रिल १९०४ रोजी रस्त्यावर आली. दहा हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर.

महिनाभरानं, ४ मे १९०४ ला, मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात चार्ल्स रोल्सची गाठ पडली. रोल्स लॉर्डाचा मुलगा, केंब्रिजचा, लंडनमध्ये परदेशी गाड्या विकणारा. एकाचं बालपण पेपर विकण्यात गेलं, दुसऱ्याचं वाड्यात. कंपनीचं नाव ठेवताना वाड्यातला पुढे आणि कारागीर मागे. जगरहाटी. अर्थात आमच्याकडे असं जमत नाही असं कोणी म्हणू नये, पुण्यातल्या दुकानांच्या पाट्या बघाव्यात.

मला त्यातली आवडलेली गोष्ट बोल्टची आहे. रॉईसचा तापवून ठोकलेल्या रिव्हेटवर विश्वास नव्हता. गार होताना रिव्हेट आकसतो, भोकात पोकळी राहते, आणि फ्रेम पुढे कुरकुरायला लागते. त्यानं चासीच्या सांध्यांना निमुळते बोल्ट वापरले. प्रत्येक भोक हातानं रीमर, म्हणजे भोक कातून नेमकं करायचं हत्यार, फिरवून त्याच बोल्टच्या निमुळतेपणाला बसवायचं. किती वेळ खाणारं काम आहे हे ज्यानं टेपर रीमर हातानं फिरवलाय त्यालाच कळेल. आणि बॉडी बसली की यातलं काही दिसत नाही.

२९ जून

काम नाही. तुकोबांची पालखी आज आकुर्डीत मुक्कामाला. रस्ते बंद, घरात सतरा पाहुणे.

६ जुलै

बोहरी आळीतून जर्मन सिल्व्हरचा पत्रा आणला, २२ गेज. नावात चांदी असली तरी आत चांदीचा कण नाही. तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. घोस्टच्या रेडिएटरला हाच धातू असे. पुढे स्टेनलेस स्टील आलं. दुकानदारानं विचारलं, ताट करायचंय का. म्हटलं, मखर. उगीच समजावत बसण्यापेक्षा बरं.

कडा धारदार यायची तर पत्रा नुसता वाकवून भागत नाही. साधा वाकवला की बाहेरून गोलाई येते, पत्र्याच्या जाडीएवढी तरी येतेच. सोनार डबी करताना जे करतात तेच करायचं: आतल्या बाजूनं वाकण्याच्या रेषेवर व्ही आकाराची खाच पाडायची, पत्रा जवळपास तीन चतुर्थांश खोल कापायचा, मग वाकवायचा. बाहेर लख्ख धार उरते. खाच आतून डाग देऊन, म्हणजे सोल्डरनं, भरायची म्हणजे कोपरा पुन्हा मजबूत.

खाच पाडायला जुन्या हॅक्सॉच्या पात्याचं टोक घासून हत्यार केलं. पोलादी पट्टी क्लॅम्पनं दाबून धरली आणि हत्यार ओढत गेलो. एका ओढीत केसासारखी बारीक कातर निघते. एका रेषेला साठ-सत्तर ओढी. खोली समजावी म्हणून मागच्या बाजूला बोट धरून बघत होतो: पत्रा संपत आला की मागे अगदी पुसट वळ उमटतो, डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला लागतो. तिथं थांबायचं. दुसऱ्या रेषेवर मी तिथं थांबलो नाही. पत्रा फाटला. साडेसातशे रुपयांचा तुकडा भंगारात.

१४ जुलै

चौकट उभी राहिली. आतून कथलाचा डाग दिला. जस्त विरघळवलेलं अ‍ॅसिड फ्लक्स म्हणून लावलं. धूर घरभर गेला, त्यावरून ऐकून घेतलं.

मग नेहमीच्या सवयीनं तपासलं. सरफेस प्लेट या अचूक सपाट पाटावर ठेवून उंचसखलपणा मोजणारा डायल फिरवला. बाजूचे दोन्ही पत्रे मिलिमीटरच्या तीन शतांशात सपाट. गुण्या लावला, उजेडाची फट नाही. मनात म्हटलं, चौतीस वर्षं वाया गेली नाहीत.

संध्याकाळी चौकट टेबलावर उभी करून लांब जाऊन बघितलं आणि जीव खट्टू झाला. बाजू आत गेल्यासारखी वाटते. माथ्याचे उतार मध्ये खचल्यासारखे दिसतात. पुन्हा डायल लावला. तीन शतांश. पुन्हा लांबून बघितलं. खचलेलं. नात शेजारी उभी होती, तिला काही न सांगता विचारलं, कसं दिसतंय. म्हणाली, "आबा, डबा पडलाय का हा कुठेतरी?"

पोरीला डायल वाचता येत नाही, पण म्हणाली ते खरं.

१६ जुलै

कारण ठाऊक होतं, वाचलेलं होतं, पण वाचलेलं आणि हाताला पटलेलं यांत फरक पडतो. रोल्स-रॉईसच्या रेडिएटरच्या बाजू सपाट नसतातच. किंचित बाहेर फुगवलेल्या असतात, म्हणून त्या सपाट दिसतात. ही युक्ती अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन देवळातली. तिथले खांब मध्ये थोडे फुगीर आहेत. ज्या चौथऱ्यावर ते उभे आहेत तोसुद्धा मधोमध उचललेला आहे, लांब बाजूला साधारण ११ सेंटीमीटर. सरळ रेघ ओढली असती तर डोळ्याला ती खाली झुकलेली वाटली असती. म्हणून इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात गवंड्यांनी डोळ्याशी तडजोड करून ठेवली आहे.

रेडिएटर करणारे कारागीरही हा फुगवटा मापानं नव्हे, नजरेनं आणत. एक माणूस एक रेडिएटर. तो पत्रा जोडणार, तोच डाग देणार, आणि आतल्या बाजूला स्वतःच्या नावाची आद्याक्षरं ठोकणार. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाहीत. दुरुस्तीला आलेला रेडिएटर उघडला की मात्र कळतं, हे कोणाचं काम.

आम्ही टूलरूमवाले नजरेवर विश्वास ठेवत नाही. आमच्याकडे "मला सरळ वाटतंय" असं म्हणणाऱ्या शिकाऊ पोराला हाइट गेज घेऊन ये म्हणून पिटाळलं जायचं. मी स्वतः किती पोरांना पिटाळलंय.

२५ जुलै

रात्रभर पाऊस. खडकवासल्याचा विसर्ग, भिडे पूल पाण्याखाली. आज पेठेत जायचं होतं, राहिलं. वीज चार तास नाही. मेणबत्तीशेजारी बसून रोल्स-रॉईसची १९०७ ची चाचणी पुन्हा वाचली.

चाळीस-पन्नास हॉर्सपॉवरचं मॉडेल, सहा सिलिंडर, तीन-तीनच्या दोन ठोकळ्यांत, सात लिटरचं इंजिन. त्यातली एक गाडी, चासी ६०५५१, नंबर एएक्स २०१. कंपनीचा कारभार बघणारा क्लॉड जॉन्सन भलताच हिकमती माणूस. रोल्स-रॉईस या नावातली आडवी रेघ, असं तो स्वतःला म्हणवून घ्यायचा. त्यानं ती गाडी अ‍ॅल्युमिनियमच्या रंगानं रंगवली, दिवे आणि दांड्यांना चांदीचा मुलामा दिला आणि नाव ठेवलं सिल्व्हर घोस्ट. मग ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षकांना बसवून लंडन ते ग्लासगो अशा फेऱ्या सुरू केल्या. १५,००० मैल. रविवार सोडून रात्रंदिवस.

६२९ मैलांवर गाडी एकदा थांबली. इंजिन ठीक होतं, पेट्रोलची तोटी हादऱ्यानं आपोआप बंद झाली होती. तेवढं एकच. तिथून पुढे १४,३७१ मैल गाडी बिघाडानं थांबली नाही. शेवटी क्लबनं इंजिन पूर्ण खोलून बघितलं आणि सगळं नव्यासारखं करायला लागलेल्या भागांचा खर्च काढला: दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स.

जाहिरात होती, यात वाद नाही. पण खोटी नव्हती. क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला, सात बेअरिंग दिली होती, ती काही जाहिरातीसाठी दिलेली नव्हती. लांब सहा सिलिंडरी इंजिनात क्रँक पिळवटतो आणि थरथरतो, त्या काळी त्यापायी कितीतरी इंजिनं मोडत. रॉईसनं शाफ्ट जाड केला, आधार वाढवले. एवढंच.

३ ऑगस्ट

शेवटी तांबट आळी. कसबा पेठेत गेल्यावर आधी कानाला कळतं. पूर्वी एका वेळी शंभर हातोडे पडत असतील, आता चार-सहा. तरी ठोक्याला लय आहे. मित्राच्या ओळखीनं एका तांबटमामांकडे बसलो. वय सत्तरीच्या पुढे, मांडी घालून, दोन पायांत पहारेसारखी ऐरण अडकवलेली. घंगाळ्याला मठार देत होते: ओळीनं एकसारखे ठोके, प्रत्येक ठोक्याचा चकाकता खवला.

पिशवीतून चौकट काढली. त्यांनी हातात घेतली, बाजूवर अंगठा दाबला. पत्रा टक्‌कन आत गेला, टक्‌कन बाहेर आला.

"पत्रा मेलाय, साहेब."

म्हटलं, मामा, तीन शतांशात सपाट आहे.

"तेच म्हणतोय. सपाट पत्र्यात जीव नसतो. डाग दिला तेव्हा तापला, कडा धरून ठेवल्या तुम्ही, मग मधला कुठं जाईल? आत बसला." पुन्हा टक्‌, टक्‌. "केसभर पोट ठेवायचं. पोट असलं की पत्रा ताणून राहतो."

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी पार्थेनॉनची गोष्ट डोळ्याची समजत होतो. ती पत्र्याचीही आहे. सपाट पातळ पत्रा लेचापेचा असतो. जरा फुगवला की ताठ होतो. कढईचा फुगीर तळही असाच ताठ राहतो. नजरेला सरळ दिसावं म्हणून दिलेला फुगवटा त्याच खर्चात मजबुती देतो.

पोट जोडणीआधी आणायचं, हे मामांनी दाखवलं. मधून सुरुवात, गोल गोल कडेकडे, ठोका हलका, मध्ये जास्त वेळा आणि कडेला कमी. गुळगुळीत तोंडाचा हातोडा. पत्र्याला प्रत्येक ठोका किंचित पातळ करतो, पातळ झालेला भाग पसरतो, पसरायला जागा नाही म्हणून वर येतो. ताकद लागत नाही, धीर लागतो. मी दहा ठोके मारले, त्यातले तीन हातोड्याच्या कडेनं पडले. मामा काही बोलले नाहीत, त्यांनी चहा मागवला.

पैसे घेईनात. पुढच्या वेळी कांद्याची भजी आणीन असं ठरलं.

११ ऑगस्ट

दुसरा पत्रा. सगळं पहिल्यापासून. या वेळी बोटाला वळ लागला तिथं हात थांबला.

१८ ऑगस्ट

आज दिवसभर ट्यूबलाइट.

मामांनी सांगितलेली तपासणी अशी: पत्रा आरशासारखा घासायचा, ट्यूबच्या खाली तिरका धरायचा आणि ट्यूबचं प्रतिबिंब एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवत न्यायचं. पत्रा खोलगट असेल तर रेघ मध्ये फाटते, दोन टोकं जाड होतात. खड्डा असेल तर रेघ तिथं मुंगीनं चावल्यासारखी आखडते. पोट सारखं आलं असेल तर रेघ जराशी बारीक होते आणि तशीच, न हलता, न थरथरता, पुढे सरकते.

डाव्या पत्र्यात तीन मुंग्या निघाल्या. खुणेला स्केचपेनचा ठिपका, मागून एक हलका ठोका, पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा ट्यूब. दुपारी चारला पहिली मुंगी गेली. दुसरी गेली तेव्हा तिच्या शेजारी चौथी आली. रात्री नऊला रेघ सरळ चालली. ही म्हणाली, आरशात बघत बसायचं वय आहे का आता.

मग न राहवून डायल लावला. मधोमध ३५ शतांश वर. नजरेनं आणलेलं पोट दोन्ही बाजूंना मोजून किती सारखं आलंय ते बघायचं होतं. उजवीकडे ३२. तीन शतांशाचा फरक, मोजमापाशिवाय. डायल पुसून पेटीत ठेवून दिला.

१ सप्टेंबर

कवच जुळलं. आता माथ्यावरची बाई.

तिची कथा अशी. गिऱ्हाइकं रेडिएटरच्या झाकणावर वाटेल ते बसवायला लागली होती, मांजरं काय, शिपाई काय. जॉन्सनला ते बघवेना. त्यानं चार्ल्स साइक्स या शिल्पकाराला अधिकृत मूर्ती करायला सांगितली. साइक्सनं त्याआधी ब्यूलीच्या लॉर्ड माँटेग्यूच्या गाडीसाठी ओठांवर बोट ठेवलेली एक छोटी मूर्ती केली होती. माँटेग्यूची सेक्रेटरी एलिनॉर थॉर्नटन हिला समोर ठेवून ती केली असं मानतात, आणि १९११ च्या मूर्तीतही तीच आहे असं म्हणतात. पुढे झुकलेली, मागे उडणारं वस्त्र पंखांसारखं. नाव, स्पिरिट ऑफ एक्स्टसी. रॉईसला ती फारशी पसंत नव्हती. समोरचा रस्ता बघताना आड येते म्हणायचा. कारागीर माणूस, बरोबर बोलला.

३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीटच्या दक्षिणेला एका जर्मन पाणबुडीनं एसएस पर्शिया हे पी अँड ओचं जहाज बुडवलं. माँटेग्यू हिंदुस्थान सरकारच्या मोटार वाहतुकीचा सल्लागार म्हणून इकडे यायला निघाला होता, एलिनॉर त्याच्याबरोबर होती. तो वाचला, ती गेली. जहाज मुंबईला यायचं होतं. बॅलार्ड पिअरवर इतक्या वेळा गेलोय, तिथं उभं राहून हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मूर्ती मेणात कोरायला घेतली आहे. साइक्सच्या मूर्तीही मेणाच्याच साच्यानं ओतल्या जात: मेणाची प्रतिमा, भोवती माती किंवा प्लॅस्टर, भट्टीत मेण वितळून जातं, पोकळीत धातू. साचा फोडूनच मूर्ती बाहेर येते, म्हणून प्रत्येक मूर्तीवर पुन्हा हात फिरवावा लागतो आणि कुठल्याही दोन हुबेहूब एक निघत नाहीत. आपल्याकडे याला मधूच्छिष्ट म्हणत. मध काढून घेतल्यावर उष्टं राहतं ते मेण. शब्द करणाऱ्याला मानलं.

७ सप्टेंबर

गणपती बसले. नातीचा हट्ट, बाप्पाला तुझ्या चौकटीत बसवू, मखरच तर आहे. बोहरी आळीतल्या दुकानदाराला मारलेली थाप माझ्याच अंगावर आली. मेण अजून मऊ आहे, डाग कच्चा आहे, अशी दहा कारणं सांगून सुटलो.

२२ सप्टेंबर

ओतकाम फसलं. दागिन्यांचे साचे करणाऱ्या एकाकडे मेण दिलं होतं. पितळ उजव्या पंखाच्या टोकापर्यंत पोचलंच नाही, बाई एका पंखाची. तो म्हणतो मेण पातळ होतं. मी म्हणतो साचा पुरता तापलेला नव्हता. दोघंही बहुधा बरोबर. मेण पुन्हा कोरायचं. आठ दिवस.

नंतरची भर: दुसऱ्या वेळी पंखाच्या टोकाला वेगळी बारीक नळी ठेवली, हवा बाहेर जायला. या वेळी पूर्ण आली. चेहरा मात्र आमच्या गल्लीतल्या एका बाईंसारखा झालाय. नाव लिहीत नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

कानशी, हातोडे, खाच पाडायचं ते घासलेलं पातं, सगळं मांडून पूजा केली. झेंडूचं एक फूल चौकटीवर.

जेवायला कोल्हापूरचे मेहुणे होते. गाड्यांचा विषय निघाल्यावर त्यांनी ठेवणीतली गोष्ट काढली: लंडनच्या शोरूममध्ये अपमान झाला म्हणून महाराजांनी रोल्स-रॉईस घेतल्या आणि कचरा उचलायला लावल्या. ही गोष्ट फोनवर दर सहा महिन्यांनी येते. कधी महाराज अलवरचे असतात, कधी हैदराबादचा निजाम, कधी भरतपूरचे. एकच अपमान इतक्या संस्थानांना वाटून दिलेला आहे. पुरावा कोणाकडेच नाही.

खरी गोष्ट त्याहून चांगली आहे आणि ती तर मेहुण्यांच्याच गावची. १९०८ मध्ये कंपनीनं एक चाळीस-पन्नास हॉर्सपॉवरची गाडी मुंबईला पाठवली. मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी होती, ६२० मैल, वाटेत सहा घाट. तेव्हाचे घाट म्हणजे खडी, माती आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. गाडीनं चाचणी मारली. पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली. नाव पडलं, पर्ल ऑफ द ईस्ट, म्हणजे पूर्वेचा मोती. विलायतेत सपाट रस्त्यावर पंधरा हजार मैल एकीकडे, आणि त्या काळी खंबाटकी चढणं एकीकडे. रॉईसचा क्रँकशाफ्ट इकडे खरा तपासला गेला असं माझं मत.

मेहुणे म्हणाले, कचऱ्याची गोष्ट जास्त रंगते. ती रंगतेच.

२० ऑक्टोबर

पॉलिश. इथं माझं जवळपास वाटोळं झालं होतं. बफिंगवाल्याकडे द्यायचं ठरवलं, आधी भंगारातली जुनी चौकट नमुन्याला दिली. दहा मिनिटांत आरसा करून दिला, पण कडा गोल. दोन महिन्यांची धार कापडाच्या चाकानं चाटून खाल्ली. नशीब, नमुना होता.

म्हणून हातानं. सागवानी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून, कडेपर्यंत आणून कडेवरून न उतरवता. चारशे, आठशे, बाराशे, दोन हजार. प्रत्येक नंबरला दिशा बदलायची, आधीच्या रेघा पूर्ण गेल्या की पुढचा. पाच दिवस. बोटांचे ठसे गेले. रेशन दुकानात मशीन अंगठा घेईना.

आतल्या बाजूला अक्षरं ठोकली. माझी, आणि खाली मामांची. त्यांना भजी द्यायला गेलो तेव्हा सांगितलं. म्हणाले, माझं नाव कशाला, ठोका तुमचाच आहे. मग थोड्या वेळानं, "सरळ ठोकलंय ना पण?"

दोन आरच्या बिल्ल्यासाठी ट्रकवर नावं रंगवणारे एक पेंटरकाका शोधले. लाल अक्षरं, कारण घोस्टच्या काळात ती लालच असत. १९३३ मध्ये काळी झाली. रॉईस त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला, म्हणून लोक ते सुतक समजतात. पण बदल आधीच ठरलेला होता, लाल रंग गिऱ्हाइकांच्या गाड्यांच्या रंगाशी भांडायचा. पेंटरकाकांचा ब्रश खारीच्या केसांचा. त्यांना सांगितलं, कंपनीच्या गुडवुडच्या कारखान्यात आजही गाडीच्या अंगावरची कित्येक मीटर लांब रेघ हातानंच, खारीच्या केसांच्या ब्रशनं मारतात. काकांना त्याचं काही वाटलं नाही. "मग कशानं मारणार?" एवढंच म्हणाले आणि श्वास धरून दुसरा आर काढला.

२ नोव्हेंबर

पाडवा. चौकट दिवाणखान्यात, पणत्यांच्या मागे. रेघ अजून सरळ चालते, पणतीच्या उजेडातही बघितलं.

नातीनं विचारलं, आबा, यात पाणी घालतात ना? मग घाल की. माथ्याखाली पितळी टाकी डाग देऊन बसवलेली आहे, झाकण उघडतं, नकार द्यायला कारण नव्हतं. बाई उचलली, नरसाळ्यानं तांब्याभर पाणी ओतलं. दोघं बघत बसलो. पाच मिनिटं काही नाही. मग डाव्या कोपऱ्यात, आतल्या डागाच्या शेवटी, एक थेंब जमला, फुगला आणि पडला. घड्याळ लावलं: दर चाळीस सेकंदांना एक.

खाली फराळाची रिकामी ताटली ठेवली आहे. भाऊबीज झाली की कोपरा पुन्हा तापवायचा, पण बाजूच्या पत्र्याचं पोट न बसवता. कसं, ते मामांना विचारायला हवं.